पहिल्या बसूनचा पार्ट

१

हिरव्या कापडी पेटीत आठ फोल्डर असायला हवे होते. मॅरियननं ते टेबलावर मांडून दोनदा मोजले. सातच भरले.

"पहिला बसून," ती म्हणाली. "पहिल्या बसूनचा पार्ट नाहीये."

साउथहॅम्प्टनच्या शर्ली भागातल्या त्या चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी दहाला तालीम असे. आठ माणसं, आठ वाद्यं: दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, दोन बसून. अठराव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नाकडचे सरदार अशी आठ वादकांची तुकडी पदरी ठेवायचे. जेवणं चालू असताना, बागेत पाहुणे फिरत असताना मागे संगीत हवं म्हणून. वादक बहुतेक घरचे नोकरच. पुढे लढाया आल्या, सरदारांचे हात आखडले आणि सगळ्यात आधी हे फुंकणारे आठजण घरी गेले. मागे राहिले त्यांचे हातानं लिहिलेले कागद, गढ्यांच्या कपाटांत.

त्यातलीच एक रचना मॅरियनच्या नवऱ्यानं, डेस्मंडनं, १९८३ साली व्हिएन्नाजवळच्या मोराव्हिया प्रांतातल्या एका गढीत तीन आठवडे मुक्काम करून उतरवून आणली होती. रचनाकाराचं नाव नव्हतं. वर नुसतं 'पार्टिता', म्हणजे अनेक भागांची रचना. नंतर पुराचं पाणी त्या गढीच्या तळघरात शिरलं आणि मूळ कागदांचा लगदा झाला. आता जगात डेस्मंडच्या अक्षरातली ही एकच प्रत. सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेला कागद मुळातच नव्हता. ज्याची ओळ त्याच्या फोल्डरात. फोल्डर गेला म्हणजे ती ओळच गेली.

जूनमध्ये कॉन्सर्ट होता. त्याआधी, आजपासून पंधरा दिवसांनी, सगळे फोल्डर युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत स्कॅनिंगला जायचे होते आणि कॉन्सर्टनंतर कायमचे तिथेच राहायचे होते. प्रत्येक पार्टचं एकेक पान माणसाएवढं मोठं करून दारातल्या भिंतीवर लावायचं, असंही लायब्ररीनं महिन्यापूर्वी कळवलं होतं.

"मी ठेवला होता," यतीन हळूच म्हणाला. "गेल्या शनिवारी. याच पेटीत."

पहिला बसून यतीन वाजवायचा. यतीन साठ्ये, वय सत्तावन्न, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. साताऱ्याच्या शाळेत बँडमध्ये क्लॅरिनेट शिकलेला. इथे आल्यावर बसूनकडे वळला. ते त्याच्या उंचीएवढं लाकडी वाद्य. "मी बसून वाजवतो," असं त्यानं आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "बसूनच वाजव रे, उभ्यानं दमशील." ही गोष्ट त्यानं सुहासिनीला सांगितली होती, कारण त्या हॉलमध्ये ती कळणारं दुसरं कोणी नव्हतं.

डॉ. सुहासिनी देवस्थळी दुसरी क्लॅरिनेट वाजवायची. सहासष्ट वर्षांची, छातीच्या विकारांची डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. नवऱ्याला, श्रीकांतला, जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. शनिवार सोडला, तर आठवड्यात ती दुकानातल्या माणसांखेरीज कोणाशी बोलतेच असं नव्हतं.

मॅरियन तिच्याजवळ आली. "पोलिसांना फोन केला तर ते हसतील. तू चाळीस वर्षं लोकांना प्रश्न विचारलेस, सुहासिनी. आता आम्हाला विचार."

२

गेल्या शनिवारी मॅरियन डोळे तपासायला लवकर निघून गेली होती. एरवी फोल्डर ती गोळा करायची. त्या दिवशी प्रत्येकानं आपापला फोल्डर स्वतः पेटीत टाकला. कपाटाला कुलूप लावलं कॉलिननं. दुसरी किल्ली त्याच्याकडे असते. मोजले कोणीच नाहीत.

सुहासिनी आधी मॅरियनच्याच घरी गेली.

"तुला हा संच लायब्ररीला द्यायचा नव्हता," ती सरळच म्हणाली.

मॅरियननं चहा ओतला. ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. "नव्हताच. त्यात त्याचं अक्षर आहे. पण मी मेल्यावर हे कपाट कोण उघडणार? आणि माझ्या मनात असतं तर मी आठही ठेवून घेतले असते. एक कशाला?"

तोच प्रश्न सुहासिनीलाही छळत होता. एक कशाला?

कॉलिन पहिला हॉर्न वाजवायचा. तीस वर्षं त्यानं बंदरात मोठमोठी जहाजं आत आणून लावली होती आणि हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. पार्टिता फार लांबते, कॉन्सर्टमधून काढा, असा त्याचा दोन महिने धोशा होता.

"मला रचना काढायची असेल तर मी मतदान घेईन," तो म्हणाला. "चोरी करणार नाही. आणि लांबीचं म्हणशील, तर जमेल तेवढी कात्री मी आधीच लावलीय. त्या मिन्युएटमध्ये दोन ट्रिओ आहेत, ठाऊक आहे तुला?"

मिन्युएट म्हणजे नाचाचा भाग. त्याच्या पोटात येणारा छोटा तुकडा म्हणजे ट्रिओ. सुहासिनीला एकच ठाऊक होता.

"डेस्मंड गेल्यानंतरच्या पहिल्याच तालमीला मी दुसरा ट्रिओ काढून टाकला. आठही फोल्डरांत ते पान मी माझ्या हातानं टेप लावून बंद केलं. आठ वर्षं झाली. तुम्ही कोणी विचारलंसुद्धा नाही."

सुहासिनी बसनं घरी परतली. तिनं डायरीत एवढंच लिहिलं: कॉन्सर्ट मोडायचा असता तर पेटीच पळवली असती. कागद मौल्यवान म्हणून न्यायचे असते तर संच नेला असता. एकच फोल्डर नेणाऱ्याला संगीत नको आहे. त्या पानांवर दुसरं काहीतरी आहे.

३

ईशानी पहिला ओबो वाजवायची. सव्वीस वर्षांची, जन्म इथलाच, मराठी मोडकंतोडकं, बंदरातल्या एका कंटेनर कंपनीत नोकरी. त्या शनिवारी पेटीचं झाकण तिनं लावलं होतं. लंच ब्रेकमध्ये ती कॅफेत आली ती घाबरलेलीच.

"मावशी, मी नाही घेतली ती फोल्डर. ऑनेस्टली. मी फक्त बॉक्स बंद केला. काउंट नाही केला."

"तुझ्यावर संशय नाही गं. फोल्डर टाकताना कोण काय करत होतं, आठवतंय?"

"सगळे कोट घालत होते. यतीनकाका लास्ट होते. ते खुर्चीत बसले होते खूप वेळ. मग कारमध्ये पण बसले होते, मी बसस्टॉपवरून पाहिलं. टेन मिनिट्स. मी जाऊन विचारलं, यू ओके? ते बोलले, फोनवर आहे." तिनं कप बाजूला सरकवला. "पण फोन तर डॅशबोर्डवर होता."

सुहासिनीनं ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. ज्याची वस्तू गेली त्याच्यावर कशाला घसरायचं, असं तिला वाटलं. निदान तेव्हा तरी तिनं स्वतःला तसं सांगितलं.

"तू तालमी रेकॉर्ड करतेस ना?"

"हो, प्रत्येक वीक. तुम्हाला हवा का? सगळ्यात बेस्ट ऑक्टोबरची आहे. काका जस्ट पुण्याहून आले होते, इतकं छान वाजवले त्या दिवशी! नंतर परत..." तिनं खांदे उडवले आणि फायली सुहासिनीच्या फोनवर पाठवून दिल्या.

दुपारी सुहासिनीनं गेल्या शनिवारच्या रेकॉर्डिंगचा फक्त शेवट ऐकला. खुर्च्या सरकल्याचे आवाज, कॉलिनचं मोठ्यानं हसणं, झाकण लागल्याचा टक् आवाज. कामाचं काहीच हाती लागलं नाही.

आणि पुढच्या शनिवारी चोरीचा प्रश्नच मिटला, असं सगळ्यांना वाटलं.

४

यतीननं बॅगेतून नवा कोरा फोल्डर काढला.

"आठवून लिहिला," तो म्हणाला. "सहा वर्षं वाजवतोय. रोज काम संपलं की थोडा थोडा."

सगळे त्याच्या स्टँडभोवती जमले. मग कॉलिननं टाळी वाजवली आणि सगळ्यांनी त्याच्यामागून. मॅरियन रडत होती. त्या दिवशी तालीम झाली, आणि मधलं ते भोक भरून निघालं.

"सुहासिनीताई, तुम्ही एकदा नजर टाकाल का?" निघताना यतीन म्हणाला. "तुमची क्लॅरिनेट बऱ्याच ठिकाणी माझ्याबरोबर चालते. चूक असेल तर तुम्हालाच कळेल."

तिनं फोल्डर घरी नेला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात, आपल्या पार्टशेजारी ठेवला. अक्षर सुरेख होतं. एकही चूक नव्हती. पण पानं विलक्षण स्वच्छ होती. फुंकून वाजवणाऱ्याचा कागद असा नसतो. श्वास कुठे घ्यायचा तिथे प्रत्येकजण पेन्सिलीनं स्वल्पविरामासारखी एक खूण करतो. आठवून लिहिणारा सुरांच्या आधी त्या खुणा लिहील, कारण त्या अंगात बसलेल्या असतात. यतीननं पंधरा पानांत एकही खूण केली नव्हती.

ती मिन्युएटशी आली. मिन्युएट. पहिला ट्रिओ. तिनं पान उलटलं.

दुसरा ट्रिओ.

पूर्ण लिहिलेला. तालाची चोवीस आवर्तनं, एकूण एक सूर.

तिनं आपल्या पार्टमधली आठ वर्षांची पिवळी पडलेली टेप सुरीनं कापली आणि आतलं पान ताडून पाहिलं. क्लॅरिनेटच्या ओळीशी बसूनची ओळ बिनचूक जुळत होती. यतीन या गटात आला सहा वर्षांपूर्वी. त्यानं हा तुकडा कधी वाजवला नव्हता, कधी ऐकलाही नव्हता. जे कधी ऐकलंच नाही ते कोणाला आठवत नाही. ते फक्त समोर ठेवून उतरवता येतं.

मूळ फोल्डर यतीनकडे होता.

५

चोर सापडला होता, आणि तिला अजिबात बरं वाटलं नाही. स्वतःचाच पार्ट कोणी कशाला चोरेल? आणि एवढ्या मेहनतीनं परत कशाला लिहील?

उत्तर त्या स्वच्छ पानांवरच होतं. त्यानं सूर सगळे परत केले होते. श्वास तेवढे ठेवून घेतले होते.

तिनं फोन घेतला आणि ईशानीची रेकॉर्डिंग्ज या वेळी सुरुवातीपासून लावली. पार्टिताच्या संथ भागात पहिल्या बसूनला सोळा आवर्तनांची एक लांब धून आहे. गेल्या जूनमध्ये यतीननं ती दोन श्वासांत वाजवली होती. सप्टेंबरमध्ये पाच लागले. ऑक्टोबरमध्ये परत दोनच. जानेवारीत चार. मार्चमध्ये आठ, आणि प्रत्येक श्वास हॉर्नच्या आवाजाआड लपवलेला. इतका सफाईनं लपवलेला, की शेजारी बसणाऱ्यालाही कळू नये. फक्त छातीच्या डॉक्टरनं खुणांचा कागद पाहिला असता, तर तिला एका नजरेत कळलं असतं. आणि पुढच्या आठवड्यात तो कागद स्कॅनिंगला जाणार होता आणि मग भिंतीवर माणसाएवढा होऊन लागणार होता.

रविवारी सकाळी तिनं कपाटातून जुना स्टेथोस्कोप काढला आणि यतीनच्या फ्लॅटवर गेली.

फ्लॅट बंदराच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. त्यानं दार उघडलं. तिच्या हातातला फोल्डर पाहून तो बाजूला झाला.

खोलीत एक खुर्ची, एक म्युझिक स्टँड, खिडकीबाहेर एक पांढरं क्रूझ जहाज. त्याची बायको आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेली होती, ती तिथेच राहिली. भांडण नव्हतं, नुसतं राहून गेलं होतं. मुलगी, स्वराली, मँचेस्टरला.

"दुसरा ट्रिओ कुठून आठवला रे तुला?" सुहासिनीनं विचारलं.

त्यानं तिच्या हातून फोल्डर घेऊन ते पान काढलं. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं. "तो आपण वाजवत नाही?"

"ते पान टेप लावून बंद केलेलं होतं."

"टेप सुकून गळून गेली होती ताई. मला वाटलं, पान नुसतं चिकटलंय. मी आपलं यांत्रिकपणे आहे ते सगळं उतरवलं." तो खाली बसला. कपाटाच्या खणातून त्यानं मूळ फोल्डर काढून तिच्यापुढे ठेवला. "खोडायला गेलो होतो आधी. पेन्सिलीबरोबर खालची शाई निघायला लागली. डेस्मंडची शाई. हात थांबला माझा."

तिनं पानं उलटली. आधीच्या खुणा फिकट, सुबक, दूर दूर. मग त्यांच्या मध्ये नव्या, दाबून केलेल्या. मग त्यांच्याही मध्ये. एका पानावर तर दर दोन आवर्तनांना एकेक. चाळीस वर्षांत तिनं हजारो एक्सरे पाहिले होते. इतका स्पष्ट एकही नव्हता.

"डॉक्टरकडे गेला होतास?"

"नाही."

"का नाही?"

"ते म्हणाले असते, वाजवणं बंद." त्यानं खण लावून टाकला. "ताई, आठवड्यात मला यतीन म्हणून हाक मारणारी माणसं फक्त शनिवारी भेटतात. ऑफिस घरूनच असतं बहुतेक. मंगळवारी मी बोललो नाही तर ते बुधवारी कोणाच्या लक्षातही येत नाही. तुम्हाला कळलं की तुम्ही मला थांबवणार, हे मला माहीत होतं. म्हणून तुमच्यापासूनच लपवायचं होतं."

"शर्ट वर कर," ती म्हणाली.

पाठीला स्टेथोस्कोप लावून तिनं त्याला खोल श्वास घ्यायला सांगितलं. दोन्ही बाजूंना खाली, श्वासाच्या शेवटी, वेल्क्रो सोडवताना येतो तसा बारीक चर्र आवाज. तिला तोच ऐकू येईल अशी भीती होती.

पण एक गोष्ट जुळत नव्हती.

६

"ऑक्टोबर," ती म्हणाली. "ऑक्टोबरमध्ये तुला बरं का वाटत होतं? इथे खुणांवर काटसुद्धा मारलीयस तू."

"पुण्याला तीन आठवडे होतो. हवा मानवली असेल."

"ऑक्टोबरमधली पुण्याची हवा? साउथहॅम्प्टनपेक्षा बरी?" ती उठून उभी राहिली. वाढत जाणारा आजार असा मध्येच तीन आठवडे सुट्टीवर जात नाही. पुण्यात काय नव्हतं, जे इथे आहे? तिची नजर खोलीभर फिरली. भिंतींना ओल नव्हती. पक्षी पाळलेला नव्हता. गालिचा साधा.

"बसून बरोबर नेला होतास?"

"छे. विमानात कोण नेणार एवढं धूड."

कोपऱ्यात बसूनची पेटी होती. तिनं त्याला खिडकी उघडायला लावली, दाराशी उभं केलं आणि तोंडाला रुमाल बांधून वाद्याचे सांधे सोडवले. तळाच्या भागात नळी वळते. फुंकरीबरोबर गेलेली वाफ तिथे पाणी होऊन साठते. वाजवून झाल्यावर तिथून दोरीला बांधलेलं फडकं ओढून फिरवायचं असतं.

"फडकं फिरवतोस?"

"वरच्या भागातून. खालचं अडकतं, म्हणून सोडून दिलं. दीडएक वर्ष झालं असेल."

तिनं फोनचा टॉर्च आत मारला. लाकूड दिसतच नव्हतं. आतून सगळीकडे राखाडी, केसाळ बुरशी चढली होती. कुबट वास खोलीत पसरला.

"रोज किती वाजवतोस?"

"दोन तास. करायला दुसरं काय आहे?"

सुहासिनी पेटीजवळ गुडघे टेकून बसून राहिली. मग तिनं त्याला समजेल असं सांगितलं. प्रत्येक श्वासाबरोबर ही बुरशी थोडी थोडी त्याच्या छातीत जात होती. तिच्या ॲलर्जीनं फुप्फुसं सुजत होती. पुण्याला गेल्यावर सूज उतरली, परत आल्यावर चढली. लवकर थांबवलं तर बरंच भरून येतं. उशीर झाला तर व्रण राहतात, ते जात नाहीत.

"असे रुग्ण मी पाहिलेत. एक ट्रॉम्बोनवाला होता. पण खात्री स्कॅन झाल्यावरच. उद्या सकाळी तुझ्या फॅमिली डॉक्टरला फोन करायचास. मी शेजारी बसणार आहे. आणि याला आजपासून हात लावायचा नाही."

यतीन वाद्याच्या सुट्या तुकड्यांकडे बघत होता.

"म्हणजे माझा शनिवारही गेला," तो म्हणाला.

 तिनं पेटी मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, तोंड घट्ट बांधलं आणि स्वतः उचलून खाली नेली.

७

स्कॅननं तिचं निदान खरं ठरवलं. हॉस्पिटलातल्या छातीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि फुंकून वाजवायचं कुठलंच वाद्य पुन्हा नको, असं सांगितलं. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी थोडे व्रण राहिले. मे महिन्यात तो न थांबता कॉमन नावाच्या मोठ्या मैदानापर्यंत चालत जाऊ लागला.

मूळ फोल्डर त्यानं मॅरियनला स्वतःच्या हातानं परत दिला आणि काय झालं ते सांगितलं. मॅरियननं त्याला मिठी मारली. लायब्ररीनं पानं खुणांसकट स्कॅन केली. कॉलिननं पुढच्या शनिवारी यतीनसाठी एक खुर्ची मांडून ठेवली. यतीन दोनदा येऊन बसला. दुसऱ्या वेळी मधूनच उठून गेला. आपली धून विंचेस्टरहून आलेला अनोळखी माणूस वाजवतोय, हे त्याला शेवटपर्यंत ऐकवलं नाही. जूनच्या कॉन्सर्टलाही तो आला नाही.

जुलैत स्वराली येऊन चार दिवस राहिली आणि त्याला मँचेस्टरला घेऊन जायचं ठरलं. सामान व्हॅननं पुढे गेलं. सुहासिनी स्टेशनवर पोचवायला गेली. स्वराली कॉफी आणायला गेल्यावर दोघंच बाकावर उरली.

"ताई, एक विचारू?" यतीन म्हणाला. "तुम्ही इतकी वर्षं छात्याच तपासल्या. माझ्या शेजारी बसत होतात. तुम्हाला आधी खरंच कळलं नाही?"

तिला खोटं बोलता आलं असतं. त्यानं ते मानलंही असतं.

"फेब्रुवारीत कळलं होतं," ती म्हणाली. "पार्किंगपासून दारापर्यंत तू दोनदा थांबलास. बुटाची नाडी बांधायला. तुझ्या बुटांना नाड्या नव्हत्या."

तो वळून बघू लागला.

"विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू गेला असतास," ती म्हणाली. "मग मी मराठी कोणाशी बोलले असते?"

गाडी आली. स्वराली कप सांभाळत धावत आली. यतीन चढला, आणि दारातून वाकून त्यानं एवढंच म्हटलं, "आता तरी विचारत जा." तो रागावला होता की नाही, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. दारं बंद झाली.

पुढच्या शनिवारी सुहासिनी तालमीला निघाली होती. क्लॅरिनेटची पेटी दाराशी ठेवून ती आत आली आणि तिनं मँचेस्टरला फोन लावला.

"तुमच्याकडे वर जायला जिना आहे?" तिनं विचारलं.

"आहे की."

"चढ. फोन खाली ठेवू नकोस. आणि बोलू नकोस."

कार्पेटवरच्या पावलांचा आवाज यायला लागला. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत राहिली. एक, दोन, तीन. मधे कुठेतरी खालून स्वरालीनं काहीतरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं नाही. तेरा पायऱ्या झाल्या. मग त्याचा श्वास तिच्या अगदी कानाशी आला, जरा जोरात, पण सलग.

"झाला," तो म्हणाला.

"परत एकदा," सुहासिनी म्हणाली. दहा वाजून गेले होते. ती खाली जमिनीवरच बसली.